वहिनींचा मुदपाकखाना

भूक आणि स्वयंपाकाचा उत्साह यांच्यात कार्यकारणभाव आहे, हा सिद्धांत ज्या कोणा शास्त्रज्ञाने प्रथम प्रतिपादन केला असेल त्याला बडोद्यास, दांडियाबाजारातल्या आमच्या घरी, चार दिवस मुक्कामास आणून ठेवावे अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. कारण ज्यांचा उत्साह सूर्योदयापूर्वी जागा होतो आणि घरातले दिवे मालवल्यावरही अंधारात बराच वेळ बोलत राहतो, त्या आमच्या वहिनी स्वतः जेवतात ते एक फुलका, चिमूटभर भात आणि भांड्याच्या तळाशी उरलेली आमटी, आणि तेही शेगडीकडे नजर ठेवून. मला भूक लागते, दादांना लागते, आल्यागेल्याला लागते. वहिनींना लागते असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. तथापि दुपारच्या पंगतीत आमटीचा पहिला भुरका माझ्या घशाखाली सुखरूप पोहोचण्यापूर्वीच, "भावोजी, रात्रीचं काय करू या?" हा प्रश्न माझ्या ताटावर येऊन आदळतो. पोटभर जेवणाऱ्या सामान्य माणसाला जेवताना पुढील जेवणाचा विचार करणे म्हणजे चालू जेवणाशी केलेली प्रतारणा वाटते. वहिनींच्या लेखी ताटात वाढले गेलेले अन्न हे निकालात निघालेले प्रकरण असते. त्यावर खाणाऱ्याने आपला शेरा मारावा, ते दप्तरी दाखल व्हावे आणि पुढील प्रकरण सुनावणीस घ्यावे, अशी त्यांची साधी अपेक्षा असते.

ही दप्तरी भाषा मी विनोदासाठी वापरतो आहे असा कोणाचा समज होऊ नये. आमचे आजोबा संस्थानच्या खानगी खात्यात होते, आणि त्या काळच्या बडोद्यातील पुष्कळ मराठी घरांप्रमाणे आमच्याही घरात मंजूर, नामंजूर, तहकूब, तगादा, बेगमी हे शब्द पाळण्यातल्या मुलाच्या कानावर अंगाईच्या आधी पडत. 1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पुढे 1960 मध्ये गुजरात राज्य झाले. परंतु या दोन्ही घटनांची आज्ञापत्रिका आमच्या स्वयंपाकघरापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही. तेथे आजही हुजूर हुकूम सुटतात. "पंचामृत आज तहकूब" म्हणजे चिंच भिजत घालायची राहिली. "खिचडी मंजूर" म्हणजे दादांचे पोट बिघडले. (जाता जाता सांगावयाचे तर, चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी याच शहरात पाली भाषेचे अध्यापन करीत आणि पुढे संस्थानच्या दप्तराची व्यवस्था पाहत राहिले. जुन्या दप्तरांच्या सान्निध्यात माणूस एकतर शुष्क होतो किंवा विनोदी होतो. मराठी वाचकांच्या सुदैवाने त्यांच्या बाबतीत दुसरा प्रकार घडला.)

वहिनींच्या दिवसाचा आरंभ बाजाराने होतो. घुमट, कमानी आणि मनोरे मिरवणारी खंडेराव मार्केटची ती भव्य इमारत प्रथमच पाहणाऱ्या परक्या माणसाला येथे कोणी सरदार राहत असावा असे वाटते, आणि आत भेंडी व दुधी यांचा दरबार भरलेला पाहून तो किंचित ओशाळतो. सयाजीराव महाराजांनी आपले पूर्वाधिकारी खंडेराव महाराज यांच्या नावाने ही मंडई बांधविली, तेव्हा भाजीपाल्याला इतक्या इतमामाने वागविण्यामागे त्यांचा हेतू काय होता हे इतिहासकार सांगोत. वहिनींच्या मते तो योग्यच होता. त्या तेथे खरेदीसाठी जातात असे म्हणणे मात्र अपुरे होईल. त्या पाहणीसाठी जातात. वांगे हातात घेऊन त्याचे वजन आकाराच्या मानाने हलके आहे की नाही हे अजमावणे, देठ हिरवा आहे की बाजारात मुक्काम पडून काळवंडला आहे हे पाहणे, पापडीची शेंग कानाशी मोडून तिचा आवाज ऐकणे, या तपासण्या चालू असताना भाजीवाली "बेन, आ तो सवारनी ज तोडेली छे" अशी ग्वाही देत असते आणि वहिनी त्या ग्वाहीला पुराव्यात किती महत्त्व द्यावे याचा विचार करीत असतात. शेवटी भाजी पिशवीत पडल्यावर कोथिंबीर, मिरच्या आणि आल्याचा तुकडा यांचा जो फुकट 'मसालो' मागून घेण्याची या प्रांतातील चाल आहे, तिची अंमलबजावणी होते. हा मसालो न मागता दिला गेला तर वहिनींना आनंद होत नाही. हक्क बजावण्याची संधी हिरावली गेल्याची हळहळ वाटते.

याहून अधिक वेळ जातो तो दुसऱ्यांच्या पिशव्यांमुळे. कोणाही अपरिचित बाईच्या पिशवीत काय आहे हे पाहून तिच्या घरचा बेत ओळखण्याची वहिनींना सिद्धी आहे. कोनफळ, रताळी, छोटी वांगी आणि सुरती पापडी एकत्र दिसली की उंधियू हे कोणीही सांगेल, पण नुसते पडवळ आणि अर्धा नारळ पाहून "तुमच्याकडे आज कोकणातलं कुणी आलंय का?" असे विचारणे, आणि त्यावर त्या बाईने चकित होऊन "सासूबाई आल्यात" असे उत्तर देणे, हे मी स्वतः, दोन्ही हातांत पिशव्या धरून उभा असताना, ऐकलेले आहे. पुढे त्या दोघी भाजीच्या कडेला उभ्या राहून डाळ घालावी की नुसते खोबरे, या विषयावर इतक्या तन्मयतेने बोलल्या की मध्यंतरी माझी जागा बदलून मला एका म्हाताऱ्या गृहस्थांशेजारी उभे करण्यात आले, ज्यांच्याही दोन्ही हातांत पिशव्या होत्या. आम्ही एकमेकांकडे पाहून मान हलविली. अशा प्रसंगी शब्दांची आवश्यकता नसते.

परंतु वहिनींच्या उत्साहाचे मर्म समजून घ्यावयाचे तर समोरच्या मोटीबेनचा परिचय करून देणे क्रमप्राप्त आहे. 1734 साली बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले, त्या वेळी दमाजीरावांच्या फौजेबरोबर काय काय आले याची यादी बखरकारांनी दिली असेल. तीत मसाल्याच्या डब्याचा उल्लेख नसला तर तो बखरकारांचा दोष. तलवारीचा प्रश्न सुटला, महसुलाचा सुटला, पेशव्यांशी तंटा झाला आणि मिटला. आमटीत गूळ किती, हा प्रश्न मात्र तेव्हापासून पडून आहे, आणि त्याची सुनावणी सध्या आमच्या आणि मोटीबेनच्या उंबरठ्यांच्या मधल्या साडेतीन हात जागेत चालते. त्यांची दाळ पातळ, घोटून एकजीव केलेली, उकडलेले शेंगदाणे मिरविणारी, लवंग-दालचिनीच्या फोडणीची आणि गोड. आमची आमटी गोडा मसाला, आमसूल आणि ओले खोबरे यांच्या आधाराने उभी. दोन्हींच्या मुळाशी तीच तुरीची डाळ, तीही दोघींनी बहुधा एकाच दुकानातून आणलेली, वासदची. वाटीची देवघेव रोज होते. आमची आमटी तिकडे गेली की "भाभी, सरस छे, पण गळपण जरा ओछुं" असा निकाल येतो. त्यांची दाळ इकडे आली की वहिनी एक चमचा चाखतात, डोळे मिटतात आणि "छान आहे हो, जेवणानंतर घ्यायला" असे म्हणतात. ही वाक्ये इतक्या वर्षांत बदललेली नाहीत. बदलली आहे ती आमटी. वहिनींच्या पुण्याच्या भगिनी जेव्हा जेव्हा येतात तेव्हा पहिल्या घासाला थबकतात आणि "ताई, तू अगदी गुजराती झालीस गं" असे म्हणतात. वहिनींना हा आरोप मुळीच मान्य नाही. गुळाचा खडा पूर्वीएवढाच आहे, असे त्या शपथेवर सांगतात. खडा एकच असतो हे खरे आहे.

एकाच वस्तूवर दोन घरांचे दोन दावे असावेत असे पदार्थ तर किती सांगावेत! त्यांची खांडवी आणि आमची सुरळीची वडी यांना एकाच ताटात शेजारी ठेवले तर त्यांच्या आयाही ओळखणार नाहीत, पण मोटीबेन आणि वहिनी ओळखतात. पातरा आणि अळूवडी, दाळढोकळी आणि वरणफळे, ओसामण आणि कटाची आमटी, असे जुळ्यांचे हे खटले दोन्ही स्वयंपाकघरांत वर्षानुवर्षे लढवले जात आहेत. यांपैकी सर्वांत जुना दावा पुरणपोळीचा. मोटीबेनच्या वेढमीचे पुरण तुरीच्या डाळीचे. ते मऊ, न वाटताही मिळून येणारे. वहिनींचे हरभऱ्याच्या डाळीचे. ते शिजवावे, कट काढावा, गूळ घालून आटवावे आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून फिरवावे लागते, ज्या कामी यंत्राचा दांडा बहुधा माझ्याकडे असतो. तुरीचे पुरण करणे हा आळस, असे वहिनी म्हणतात. हरभऱ्याची डाळ पचायला जड म्हणून तुम्हा लोकांना दुपारी झोप लागते, असे मोटीबेन म्हणतात, आणि होळीच्या दुपारी आमच्या घरातील एकंदर देखावा पाहता या आक्षेपास उत्तर देणे कठीण जाते. दोन्ही पक्षांत एकवाक्यता आहे ती एकाच मुद्द्यावर: पुरणात उलथने रोवून सोडले आणि ते न पडता उभे राहिले, की पुरण झाले. त्या उभ्या उलथन्याकडे दोघी ज्या समाधानाने पाहतात ते पाहून मला वाटते की पावणेतीनशेहून अधिक वर्षांच्या मराठी-गुजराती संबंधांत याहून स्थिर अशी गोष्ट दुसरी घडली नसेल.

पौषात हा संघर्ष कळसास पोहोचतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी ओले हरभरे, पावटे, गाजर, वांगी, बोरे असे थंडीत पिकणारे जे जे म्हणून काही आहे ते तिळाच्या कुटात एकत्र शिजवून, लोणी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खाणे हे मराठी माणसाचे कर्तव्य. दुसऱ्या दिवशी उत्तरायण. त्या दिवशी गच्चीवर पतंगाच्या मांज्यात गुरफटून उंधियू आणि जिलेबी खाणे हे बडोदेकराचे कर्तव्य. ज्या माणसाने बडोद्यात मराठी कुळात जन्म घेतला त्याला चोवीस तासांच्या आत गुजरातेतील झाडून सारा भाजीपाला दोन निरनिराळ्या पद्धतींनी पोटात घालावा लागतो. वहिनी भोगीची भाजी आपल्या हाताने करतात. उंधियूही आपल्याच हाताने करतात, कारण "मोटीबेनचं आहेच, पण एकदा आपल्या पद्धतीनं करून पाहू". आणि त्या रात्री तिसऱ्या प्रहरापर्यंत जागे राहून मी गच्चीवरचे कंदील मोजीत असतो ते काही सौंदर्यदृष्टीने नव्हे.

बाहेरचे खाणे वहिनींना वर्ज्य नाही, परंतु त्या बाहेर खात नाहीत, तपास करतात. बडोद्याची सेवउसळ ही वस्तू या दृष्टीने फार विचार करण्याजोगी आहे. रात्रभर भिजवलेला पांढरा वाटाणा, त्यावर लाल तर्री, लसणाची चटणी, कांद्याची पात, मूठमूठ शेव आणि पाव, हे सारे पाहिले की उसळ घाटावरून आली आणि शेव येथेच तिची वाट पाहत उभी होती, याविषयी शंका राहत नाही. वहिनी पहिला चमचा घेतात आणि स्तब्ध होतात. पुढील चर्चा अशी: "लवंग आहे. नाही, बाद्यान. भावोजी, तुम्हाला काय वाटतं?" मला चौथा पाव मागवावा असे वाटत असते. हीच गोष्ट लिल्या चिवड्याची. बटाट्याचा कीस आणि भिजवून तळलेली हरभऱ्याची डाळ यांचा तो ओलसर, गोड, तिखट, आंबट असा बडोद्याचा चिवडा पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना प्रथम सादळलेला वाटतो आणि अर्ध्या तासाने पुडा रिकामा असतो. घरी तो करण्याच्या खटपटीत आमच्याकडे जितका बटाटा किसला गेला आहे तितक्यात एखाद्या छोट्या छावणीची रसद भागली असती. आणि ज्या दिवशी तो अगदी बाजारच्यासारखा साधला त्या दिवशी वहिनींचा त्यातील रस समूळ नाहीसा झाला. साधलेल्या पदार्थाविषयी त्यांना एक प्रकारचे वैराग्य आहे.

चैत्र-वैशाखात वर्षाची बेगमी. इतर घरांत उन्हाळ्याची सुट्टी लागते तेव्हा आमच्या घरात जमाबंदी सुरू होते. शहरात जागोजागी मसाल्याचे मांडव पडतात, मिरचीच्या राशींनी रस्त्याची एक बाजू लाल होऊन जाते, आणि त्या मांडवांवरून जाणारा प्रत्येक सुसंस्कृत नागरिक शिंकत शिंकत मार्गक्रमण करतो. रंगासाठी काश्मिरी, चवीसाठी रेशमपट्टी, आणि दोहोंचे प्रमाण प्रत्येक घराचे गुपित. मिरची डोळ्यांसमोर कुटून घ्यावयाची, ती कुटली जात असताना तेथून हलावयाचे नाही, हा वहिनींचा दंडक. त्यामुळे वैशाखातील त्या दुपारी घरी परतलेल्या वहिनी आणि मी शोकाकुल दिसतो आणि शेजारचे लोक चौकशीस येतात. गव्हाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून ठेवण्याची गुजराती रीत वहिनींनी मोटीबेनकडून घेतली. दाण्यावर तेलाचा पापुद्रा बसला की टोके धान्याला शिवत नाहीत, आणि शिजवण्यापूर्वी कढत पाण्याने धुतले की तो वास निघून जातो. जाळीच्या कपाटामागे सिंगतेलाचे पंधरा किलोंचे डबे, गच्चीवर साखरेत मुरणाऱ्या कैरीच्या छुंद्याची तोंडाला फडके बांधलेली बरणी, शेजारी आमचा मेतकुटाचा डबा. ही कोठी भरली की वहिनी दारात उभ्या राहून तिच्याकडे पाहतात. पुढे वर्षभर यातले काय काय शिजणार आहे, याचा हिशेब तेव्हा त्यांच्या मनात चाललेला असतो. आणि त्या क्षणी त्यांना कोणी जेवायचे विचारले तर ऐकू जात नाही.

या खात्याचे ग्रंथालयही आहे. कवळाण्याचा एक मुलगा दत्तक येऊन सयाजीराव या नावाने ज्या 1875 साली बडोद्याच्या गादीवर बसला, त्याच साली पुण्यास रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' छापून निघाले, आणि मराठीत पाककृतींचे पुस्तक अवतरले. या दोहोंपैकी राष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना कोणती, असे मी एकदा वहिनींना विचारले असता त्यांनी महाराजांविषयी अत्यंत आदर व्यक्त करून प्रश्न टाळला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 1910 साली प्रथम निघालेले 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हे आजेसासूबाईंकडून आले. कमलाबाई ओगले यांचे 1970 सालचे 'रुचिरा' वहिनींचे स्वतःचे. वाटी आणि चमचा हे प्रत्येक घरात असतात हे ओळखून कमलाबाईंनी त्याच मापांनी मराठी स्वयंपाक मांडला, आणि नवख्या मुलींना पहिल्यांदाच सासूला न विचारता मीठ घालता येऊ लागले. या पुस्तकांत मूळ मजकूर किती आणि समासांतील शेरे किती, हे आता सांगणे अवघड आहे. काही शेरे मी येथे उतरवून देतो: "मीठ कमी सांगितले आहे." "गूळ दुप्पट (मोटीबेन)." "पाहुण्यांस करू नये." "केले. सर्वांनी खाल्ले, कोणी बोलले नाही." एका पानावर खणखणीत अक्षरात "पुन्हा कधीही करू नये" असे लिहिले असून त्याखाली निराळ्या शाईत "पुन्हा केले" आणि त्याखाली पेन्सिलीने "भाजणी बदलून पाहणे" अशी नोंद आहे. साऱ्या मराठी समीक्षेत इतका प्रामाणिक परिच्छेद मला दुसरा आढळलेला नाही.

शास्त्राने या संस्थानावर एकदाच स्वारी केली. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांच्या काळात तेथे गृहविज्ञानाचे शिक्षण सुरू झाले. स्वयंपाक या विषयात ज्या शहरात पदवी मिळते त्या शहरात घरच्या स्वयंपाकिणीने आपले गुण कोठे नेऊन दाखवावेत, हा प्रश्न पुढे यथावकाश आमच्या पुतणीच्या रूपाने घरात शिरला. ती त्याच विद्याशाखेत शिकली, आणि आईचा गोडा मसाला प्रमाणित करण्याचा तिने विडा उचलला. परातीशेजारी वजनकाटा आला. वहिनींची धन्याची मूठ परातीत पडण्यापूर्वी ती मुलीने हवेतल्या हवेत अडवावी, वजन करावे, वहीत नोंदवावे आणि मग परातीत सोडावी, अशी कार्यपद्धती ठरली. तीळ, खोबरे, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, शहाजिरे, सर्वांची हजेरी लागली. "हिंग किती, आई?" "पुरेसा." "पुरेसा म्हणजे?" "म्हणजे कमी नाही गं." आपली मूठ मोजली जात आहे हे लक्षात आल्यापासून वहिनींनी ती किंचित उदारपणे भरावयास आरंभ केला, तेव्हा त्या वर्षीचा मसाला शास्त्रशुद्ध निघाला आणि आमटी जहाल निघाली. तो तक्ता आजही ओट्यावर भिंतीला लावलेला आहे. कोणी मसाल्याची कृती विचारली की वहिनी मोठ्या अभिमानाने त्याची नक्कल करून देतात. स्वतः करताना त्या बाजूला पाठ करून बसतात.

आम्हा खाणाऱ्यांची स्थिती काय वर्णावी! सयाजीराव महाराजांनी श्रावणमासातील दक्षिणा सरसकट न वाटता शास्त्र्यांची परीक्षा घेऊन देण्याची पद्धत घातली, आणि 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. वहिनींनी या दोन सुधारणांचा संयोग केला आहे: आमच्या घरी चाखणे सक्तीचे असून त्यावर परीक्षा असते. "छान झालंय" हे उत्तर अनुत्तीर्णांत जमा होते. काय छान झाले, कशाने झाले, मागच्या वेळेपेक्षा कसे, आंबटपणा आधी लागतो की मागून, हे सांगावे लागते. दादा या परीक्षेत आयुष्यभर नापास होत आले. ते "आणखी वाढ" म्हणतात, जे खरे पाहता सर्वोत्कृष्ट उत्तर आहे, पण वहिनींना ते पुराव्याअभावी ग्राह्य वाटत नाही. 1909, 1921, 1934 आणि अलीकडे 2018 या साली मराठी साहित्य संमेलने बडोद्यास भरली. अध्यक्षांची भाषणे छापील आहेत, ती कोणीही पाहू शकतो. शेवटच्या संमेलनाच्या वेळी एक प्राध्यापक पाहुणे आमच्याकडे उतरले होते. त्यांना वहिनींनी ताकातल्या चाकवताविषयी अभिप्राय विचारला, आणि त्यांनी सवयीने "यात परंपरा आणि नवता यांचा सुरेख संगम आहे" असे उत्तर दिले. वहिनी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "म्हणजे डाळ कच्ची राहिली का?"

गतवर्षी मात्र या साऱ्या कारभारावर गंडांतर आले. दादांच्या रक्तात साखर निघाली, आणि डॉक्टरांनी गूळ, साखर, बटाटा, भात यांच्यावर एका फटकाऱ्यात जप्ती आणली. दवाखान्यातून परतताना रिक्षात दादा खिन्न होते, मी त्यांच्याहून खिन्न होतो, आणि वहिनी काहीच बोलत नव्हत्या. आता या बाईचे कसे होणार, या चिंतेने मी त्यांच्याकडे चोरून पाहिले, तर त्यांचे डोळे चमकत होते. "भावोजी," त्या म्हणाल्या, "गुळाशिवाय आमटी! इतक्या वर्षांत कुणी नीट करून पाहिलीय का?"

त्यानंतरचे महिने आमच्या घराने जे अनुभवले त्याला उपासमार म्हणता येणार नाही आणि मेजवानीही म्हणता येणार नाही. कांदा मंद आचेवर तासभर परतला तर तो गोड होतो काय. सुके खोबरे किती खरपूस भाजले म्हणजे गुळाची उणीव जिभेला कळत नाही. नाचणीच्या आंबोळीला जाळी कशी पडावी. मेथीचे दाणे मोड आणून उसळ केली तर कडवटपणा कितपत जातो. एकामागून एक प्रकरणे पटलावर येऊ लागली. मोटीबेनकडे गुळाशिवायची पहिली वाटी गेली तेव्हा त्यांनी ती चाखली, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि उंबरठ्यावरून म्हणाल्या, "हवे तमे पाछां मराठी थई गयां, भाभी." त्यात खेद होता की अभिनंदन होते, यावर आमच्याकडे दोन दिवस खल झाला. दुसऱ्याच आठवड्यात मोटीबेननीही, त्यांच्या घरी कोणालाही साखरेचा त्रास नसताना, बिनगुळाची दाळ करून पाठविली. ती वाईट होती. वहिनींनी तसे सांगितले नाही, पण समासात लिहिले.

या सर्व प्रयोगांची वही घेऊन वहिनी मागच्या खेपेस दादांबरोबर दवाखान्यात गेल्या, कारण रोज काय खाल्ले ते लिहून आणा असे डॉक्टरांनीच फर्मावले होते. त्यांनी अर्थात चार ओळींची अपेक्षा केली असावी. ते वाचू लागले, पान उलटले, चष्मा पुसला, आणखी पान उलटले. दादा बाहीची गुंडी सोडून, रक्तदाब मोजण्यासाठी हात पुढे करून बसलेले होते. डॉक्टरांनी हळूच विचारले, "ही मेथीची उसळ... यात आंबट काय घालता?" वहिनी म्हणाल्या, आमसूल. दार उघडे होते. बाहेरच्या बाकावरून एका बाईंचा आवाज आला की आमसुलाने मेथी काळी पडते, लिंबू बरे. दुसऱ्या एक वृद्ध बाई, ज्या आत येईपर्यंत काठीवाचून उभ्याही राहू शकत नव्हत्या, त्या दारात येऊन म्हणाल्या की लिंबू आच बंद केल्यावर घालावे, नाहीतर कडू होते, आणि त्यांच्या माहेरी, पादरा गावाकडे, तर कैरीच घालतात. डॉक्टरांनी औषधांच्या कागदावर 'कैरी' असे लिहून घेतले. कंपाउंडर दोनदा आत डोकावून गेला. दादांचा हात बराच वेळ तसाच पुढे होता. अखेरीस त्यांनी गुंडी लावून घेतली, आणि त्या दिवशीची त्यांची तपासणी तहकूब झाली.